जोडीदाराच्या फिन्स

४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

अक्षर ओळखलं नसशील, म्हणून आधीच सांगतो. मी बारक्या, तुझ्या धाकट्या मावशीचा मुलगा. आई गेली तेव्हा तू आली होतीस, त्यानंतर आपली भेट नाही. पत्ता आईकडच्या एका जुन्या पाकिटावरून घेतला. तू घर बदललं असशील तर हे भलतंच कोणीतरी वाचत असेल. त्यांनाही नमस्कार.

मी आता समुद्रकाठी असतो. बंदरावर बर्फाचा कारखाना आहे, तिथल्या कॉम्प्रेसरची देखभाल माझ्याकडे आहे. राहायची खोली कारखान्याच्याच माडीवर. खाली मशिनं सतत धडधडत असतात, इतकी की ती बंद पडली तर मला जाग येते. बायको आणि मी वेगळे झालो हे कानावर आलं असेलच. भांडणतंटा काही नाही. ती तिकडे, मी इकडे.

आता कामाचं. तू पाण्यात बुडी मारायला शिकवतेस, पायात चढवायच्या पात्यांच्या फिन्सही स्वतः बनवतेस, हे आई येईल त्याला कौतुकाने सांगायची. मलाही इथे आल्यापासून तोच नाद लागलाय. धक्क्याच्या पलीकडे खडकांचा एक कोपरा आहे, पाणी आरशासारखं. सुट्टीच्या दिवशी मास्क, नळी आणि रबरावर चालणारी भाल्याची बंदूक घेऊन उतरतो. टाकी वगैरे काही नाही, एका श्वासात जमेल तेवढंच. मासा क्वचित मिळतो. न मिळाला तरी काही वाटत नाही.

माझ्या फिन्स आखूड आहेत, तलावात पोहायला वापरतात तसल्या. खाली पोचेपर्यंतच दम संपतो. म्हणून लांब पात्यांच्या घ्यायच्या म्हणतोय. एका दुकानाचं माहितीपत्रक मागवलं तर डोकंच गरगरलं. प्लास्टिक, फायबरग्लास, कार्बन. त्यात पुन्हा मऊ, मध्यम, कडक. कार्बनच्या दिसायला फार देखण्या आहेत. त्यातल्या कडक घेऊ का? माझे पाय मजबूत आहेत.

सवडीने उत्तर दे. घाई नाही.

तुझा,
बारक्या

·

१५ ऑक्टोबर

बारक्या,

आशीर्वाद गृहीत धर. घर बदललेलं नाही, त्यामुळे तुझा नमस्कार मलाच मिळाला.

देखण्या आहेत म्हणून फिन्स मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दारातूनच परत पाठवते. तू मावशीचा म्हणून उत्तर देतेय. कडक पातं म्हणजे ताकदवान पातं, असं प्रत्येक पुरुषाला वाटतं. अरे, कडक पातं आधी मांड्या खातं, आणि मांड्या हवा खातात. छातीत साठवून नेलेला श्वास तळाशी पोचायच्या आत पायांनीच फस्त केलेला असतो. पातं असं हवं की तू हळू हलवलंस तरी ते मागून वाकून सुटलं पाहिजे. बाकीचं काम पाण्याला करू दे.

कार्बन हलकं असतं, चपळ असतं, आणि खडकावर आपटलं की कोपऱ्यातून चिरतं. तू काठावरून उतरणार, खडकांतून चालणार. तुला ते परवडणारं नाही, पैशांचं म्हणत नाही मी. प्लास्टिक वाट्टेल तसं आपट, तुटत नाही, पण पाण्यात मेलेल्या शेपटासारखं वागतं. फायबरग्लास मधलं. तरी आत्ताच काही ठरवू नकोस. आधी वजन कळव, पायाचा नंबर कळव, किती खोल जातोस आणि तिथे ओढ किती असते ते कळव.

आणि सगळ्यात आधी हे कळव की तू कोणाबरोबर जातोस. पत्रात तू सगळीकडे "मी" लिहिलंयस. मी उतरतो, मी जातो. एकट्याने बुडी मारायची नाही. हा नियम चर्चेचा नाही. एकजण खाली, एकजण वर, आणि वरच्याने खालच्यावरची नजर हलवायची नाही. माणूस तळाशी बेशुद्ध पडत नाही. वर येताना पडतो, उजेड दिसायला लागल्यावर, "आलोच की" असं वाटत असताना. त्याला स्वतःला काही कळत नाही. म्हणून ते कळायला दुसरा लागतो. ज्याला जोडीदार नाही त्याला मी फिन्स देत नाही, भावालाही नाही.

फोन करू नकोस. जुन्या एका बुडीत माझा कान दुखावलाय, फोनवर नुसती घरघर येते. पत्रच बरं.

ताई

·

२७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचताना तू समोर उभी राहून रागावतेयस असं वाटलं. बरं वाटलं.

वजन सत्तरच्या आसपास. पायाचा नंबर आठ. झाडाच्या उंचीइतकं खोल जातो म्हण, नारळाच्या नाही, साध्या झाडाच्या. ओढ एरवी नसते, भरती उतरताना असते.

जोडीदार आहे. लिहायचं राहून गेलं होतं. कारखान्यातलाच आहे, बर्फाच्या लाद्या उतरवायच्या कामावर. सगळे त्याला लंबू म्हणतात. माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, पण भांडण झालं की सगळ्यात आधी तोच पळतो. बोलतो फार कमी. सुट्टीच्या दिवशी सकाळी खालून शीळ घालतो, मी बंदूक घेऊन उतरतो, आणि आम्ही दोघं धक्क्यावरून चालत जातो. तो वर असला की मी खाली निवांत असतो. तेव्हा काळजी नसावी.

मग फायबरग्लास मध्यम घेऊ ना?

तुझा,
बारक्या

·

६ नोव्हेंबर

बारक्या,

लंबूला माझा नमस्कार सांग. भांडणातून पळणारा माणूस पाण्यात चांगला, उगाच शौर्य दाखवत नाही.

सत्तर वजनाला आणि तुझ्या त्या झाडाला मध्यम जड जाईल. मऊ आणि मध्यम यांच्या मधलं पातं मी तुझ्यासाठी मुद्दाम बनवते, फायबरग्लासचा एक थर कमी करून. पहिले काही दिवस तुला ते लुळं वाटेल. वाटू दे. शिशाचा पट्टाही हलका कर. तुझ्यासारखी माणसं भराभर खाली जायला मिळावं म्हणून कंबरेला अर्धं दुकान बांधतात. श्वास पूर्ण सोडल्यावरही पाण्यावर तरंगशील, इतकंच शिसं ठेव.

आता नीट ऐक. लंबूलाही लांब पात्यांच्याच हव्यात. तू खाली राहिलास तर त्याला तिथवर पोचायचंय, आणि तुला घेऊन वर यायचंय. तू लांब पात्यांवर आणि तो आखूड, म्हणजे तू जाशील तिथे तो येऊच शकणार नाही. मग तो वर असून नसून सारखाच. मी दोन्ही जोड बनवते. त्याचा जोड माझ्याकडून, भेट समज. इतक्या वर्षांनी भावाने पत्र टाकलं, त्याच्या जोडीदाराला काहीतरी द्यायला नको?

दोघांचे पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आकार काढून पाठव. पाय घालायचा रबरी जोडा घट्ट झाला तर पायाला गोळे येतात, सैल झाला तर जोर वाया जातो आणि टाचा सोलवटतात. पातं थोडं चुकलं तर चालतं, जोडा चुकून चालत नाही.

इकडे ठीक. शिकवणं सध्या कमी केलंय. शेडमध्ये बसते, पाती ओतते, घासते. फायबरग्लासचा भुगा अंगाला इतका खाजतो की संध्याकाळी आंघोळ हाच माझा समारंभ.

ताई

·

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

दोन कागद सोबत आहेत. डाव्या कोपऱ्यात "मी" लिहिलंय तो माझा.

लंबूसाठी कशाला तसदी घेतेस? तो आखूड फिन्सवरही जोरात पोहतो. पण तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. त्याला सांगितलं तेव्हा लाजला. नुसता बंदराकडे बघत राहिला.

हल्ली संध्याकाळी तो माझ्या खोलीवर येतो. मी दोन कप चहा करतो. खिडकीतून बोटी दिसतात, कोणती आत येतेय, कोणती रिकामी, ते बघत बसतो. बोलायला लागत नाही ही त्याची गंमत आहे. आईही शेवटी शेवटी अशीच गप्प बसायची, आठवतं? तिच्याशेजारी बसलं की खोली भरल्यासारखी वाटायची.

तुझा,
बारक्या

·

२ डिसेंबर

बारक्या,

तू पाठवलेल्या दुसऱ्या कागदावर पाय नाही, गमबूट आहे. पायाला बोटं असतात, बाबा.

लंबू एवढा लाजाळू असेल तर मी काय करणार? बुटाच्या मापावरून अंदाजाने जोडा घेतलाय. सैल झाला तर जाड मोजे घालायला सांग. दोन्ही जोड आजच्या पार्सलने रवाना केले. पात्यांवर माझा शिक्का आहे, तो घासू नका.

आधी पुरुषभर पाण्यात दोघांनी आळीपाळीने सवय करा. पाय गुडघ्यातून मोडायचा नाही, सायकल चालवायची नाही. मांडीपासून सावकाश, जशी ओली चादर झटकतात तसं. आणि लंबूला माझ्यासाठी दोन ओळी लिहायला सांग. त्याला पातं कसं वाटलं हे मला त्याच्या तोंडून हवंय. तुझं काय, तू कशालाही छानच म्हणशील.

ताई

·

१६ डिसेंबर

प्रिय ताई,

काय वस्तू बनवली आहेस! इतके दिवस मी पाण्याला लाथा मारत होतो. आता एकदा पाय हलवला की पातं मागे वाकतं, क्षणभर थांबतं, आणि मग पाणीच मला पुढे ढकलतं. पहिल्या दिवशी लुळंच वाटलं, तू म्हणाली होतीस तसं. तिसऱ्या खेपेला अचानक कळलं. तळाशी पोचलो तेव्हा छातीत इतकी हवा शिल्लक होती की काय करावं सुचेना. नुसता वाळूवर पडून राहिलो. वर खडकांवर लाटा फुटत होत्या आणि खाली काहीच ऐकू येत नव्हतं. दिवसभर त्या कॉम्प्रेसरच्या उरावर बसणाऱ्या माणसाला ते काय वाटतं हे तुला कसं सांगू!

परवा कपारीत एक मोठा मासा दिसला. बराच वेळ तो मला बघत होता, मी त्याला. मग भाला सोडला. लागला, पण तो कपारीत घुसला आणि भाल्याची दोरी अडकली. सोडवत बसलो. वर येताना शेवटी शेवटी डोळ्यांच्या कडांनी जरा काळं होत आलं, पण आलो. मी खाली कुठे आहे ते दाखवणारा खुणेचा फुगा तोवर ओढीने पार लांब गेला होता, पोहत जाऊन धरावा लागला. मासा सुटला, भालाही गेला. पण काय दिवस होता!

लंबूला लिहायचा कंटाळा आहे. फिन्स आवडल्या असं सांगायला सांगितलंय.

तुझा,
बारक्या

·

२३ डिसेंबर

बारक्या,

फुगा वाहून जात होता तेव्हा लंबू कुठे होता?

वर असलेल्या माणसाच्या हातात फुग्याची दोरी असते. तुला पोहत जाऊन तो धरावा लागला. डोळ्यांच्या कडा काळ्या झाल्या, तू वर आलास, आणि त्यानंतर तुला कोणी धरलं, कोणी काही विचारलं, असं एक अक्षर पत्रात नाही. मी ते पत्र पुन्हा वाचलं, मग आधीची सगळी काढून वाचली. लंबू चहा घेतो पण बोलत नाही. त्याला पाय नाही, नुसता बूट आहे.

तो नाहीच ना रे?

मी रागावलेली नाही. त्या कडा काळ्या होणं म्हणजे काय हे तुला माहीत नाही, मला माहीत आहे. पुढच्या वेळी कडा थांबणार नाहीत. पाण्यात उतरू नकोस. फिन्स परत पाठव, दोन्ही जोड. पाठवायच्या नसतील तर पाठवू नकोस, पण उतरू नकोस. उलट टपाली उत्तर दे.

ताई

·

९ जानेवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही. टपाल येण्याची वेळ झाली की मी शेडच्या दारात जाऊन उभी राहते. पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो.

काल तुझ्या कारखान्यात फोन केला. टेलिफोन ऑफिसात चौकशीच्या खिडकीवरून नंबर मिळवला आणि तिथल्याच बूथमधून लावला. फोन कोणीतरी उचलला, जाड घरघरीवरून पुरुष असावा. मी तुझं नाव सांगितलं आणि म्हटलं, तो कसा आहे? त्याने उत्तर दिलं. बरंच लांब उत्तर दिलं. मला एक शब्द कळला नाही. मी म्हटलं, जरा मोठ्याने सांगा. तो मोठ्याने बोलला असावा. मी म्हटलं, तो आहे ना? एवढंच सांगा, आहे ना? त्याने परत काहीतरी सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर बूथमधल्या स्टुलावर बसून राहिले. माणूस जिवंत आहे की नाही हे मला कोणीतरी स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते मला ऐकू आलं नव्हतं.

मग बूथवाल्याला विनंती करून पुन्हा लावायला सांगितला. नुसती घंटा वाजत होती म्हणे. कारखाना सुटला असेल.

एक कान दुखावलाय असं मी तुला लिहिलं होतं. दोन्ही गेलेत. डॉक्टर म्हणाले, आता परत यायचे नाहीत. शिकवणं कमी केलं नाही, बंद झालं. पाण्यातून वर आलेला मुलगा काय ओरडतोय हे जिला कळत नाही तिने कोणाला शिकवू नये.

हे पत्र टाकते आणि सरळ स्टेशनवर जाते. बहुतेक मीच आधी पोचेन.

ताई

·

२४ जानेवारी

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तुझं ते शेवटचं पत्र तू गेल्यावर आलं. तू इथे असताना जे बोललो नाही, किंवा बोललो आणि तुझ्यापर्यंत पोचलं नाही, ते लिहितो. माझं अक्षर तरी तुला ऐकू येतं.

लंबू कुठून आला हे तू मला विचारलं नाहीस. खोलीच्या कोपऱ्यात आधी राहून गेलेल्या कोणाचा तरी एक गमबूट पडलेला होता, एकच. तू लिहिलंस की जोडीदार नाही तर फिन्स नाहीत, तेव्हा तो समोर दिसला. आधी नुसतं फिन्ससाठी लिहिलं. पण मग मजा यायला लागली. कामावरून माडी चढताना मनात यायचं, आज ताईला लंबूचं काय सांगायचं? दोन कप चहा मी खरंच करायचो. एक गार व्हायचा. तो ओतून द्यायचो आणि कप विसळायचो.

तुझं "तो नाहीच ना रे" हे पत्र आलं, वाचलं, आणि इतकी लाज वाटली की त्याच रविवारी पाण्यात गेलो. त्याचा काही अर्थ लागत नाही, मलाही लागत नाही. खाली छान होतं. वर येताना कडा काळ्या झाल्या, आणि तू लिहिल्याप्रमाणे या वेळी थांबल्या नाहीत. मधलं काही आठवत नाही. आठवतं ते एकदम आकाश, खोकला, आणि तोंडात रक्ताची चव. शिसं तू हलकं करायला लावलं होतंस म्हणून मी पाण्यावर आलो, आणि लाटेने उताणा केला म्हणून श्वास लागला. पालथा केला असता तर हे पत्र लिहायला मी नसतो. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी खोकत होतो आणि इकडेतिकडे बघत होतो. कोणाला शोधत होतो कोण जाणे.

नंतर छाती भरली, ताप आला, अंथरूण धरलं. फोन उचलला होता तो कारखान्याच्या साहेबांनी. त्यांना मी आता विचारून घेतलं, तुला फोनवर त्यांनी काय सांगितलं होतं. "तो तापाने पडलाय, डॉक्टर येऊन गेले, घाबरण्यासारखं काही नाही, निरोप देतो." एवढंच. निरोप मला मिळाला होता: "कोणी बाई होत्या, ऐकायलाच तयार नव्हत्या."

ताई, तू माडीच्या दारात उभी राहिलीस तेव्हा मी झोपेत आहे असं मला वाटलं. तुझे केस इतके पांढरे कधी झाले? तू पिशवी खाली ठेवलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि पहिलं वाक्य बोललीस, "आहेस." मग भिंतीला टेकून खालीच बसलीस. खाली मशिनं धडधडत होती आणि तुला त्यांचा पत्ताच नव्हता. या खोलीत येणारं प्रत्येक माणूस पहिल्यांदा कानावर हात ठेवतं. तू नाही ठेवलेस.

मला ताप उतरल्यावर तू खडकांकडे चल म्हणालीस तेव्हा वाटलं, आता माझी हजेरी घेणार. तू तर लंबूचा जोड पायात चढवलास. तीन मोजे घालूनही टाच निसटत होती. खडकावरून बदकासारखी उतरलीस आणि मी हसलो, ते बघून म्हणालीस, "हसू नकोस, तुझ्याच मित्राचं माप आहे." मग पाण्यात गेल्यावर बोट दाखवून सांगितलंस, "डॉक्टरांनी मला दीड पुरुषाच्या खाली जायला मनाई केलीय. मी जिथवर पोचू शकते तिथवरच तू जायचं. त्याच्या खाली तू माझा नाहीस."

इतकी लांब पाती, आणि आपण पोरांच्या तलावाएवढ्या पाण्यात! खाली बघण्यासारखं काही नव्हतं. शेवाळ, फुटके शिंपले, एक खेकडा. तिथे मी पडून राहिलो. आणि मग वर बघितलं, ताई. इतके महिने मी खालून वर बघत आलोय. उजेड दिसतो, फुगा दिसतो. त्या दिवशी वर तू होतीस, पालथी, हात पसरलेली, मास्कमधून सरळ माझ्याकडे बघत. तुझी नजर एकदाही हलली नाही. मी वर आलो तेव्हा तू माझा दंड धरलास आणि माझ्या ओठांचा रंग बघत राहिलीस, आणि मी श्वास घेतला, घेतला, तरी सोडेनास. खाली मला एकटं वाटत नाही असं मी समजत होतो, कारण खाली सगळेच एकटे असतात. ते खोटं होतं. मला फक्त वर यायची भीती वाटायची. तिथे कोणी नसायचं.

तू स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलीस तेव्हा मी खिडकीखाली उभा राहून काहीतरी म्हणालो. तू मान डोलावलीस आणि म्हणालीस, "हो, हो, पत्र टाक." तुला ऐकू आलं नव्हतं हे मला कळलं, पण बस सुटली होती, आणि तेच वाक्य चारचौघांत ओरडायचा धीर झाला नाही. मी म्हणालो होतो, "जाऊ नकोस, ताई. राहा इथेच."

तू गेल्यापासून मी पाण्यात उतरलेलो नाही. चहा एकच कप करतो.

तुझा,
बारक्या

·

२ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

ऐकू आलं नव्हतं, ते खरं. पण माणसाचे कान गेले की तो ओठांकडे बघायला शिकतो, हे तुझ्या लक्षात आलं नाही. काचेतून तुझे ओठ मला स्वच्छ दिसले. तू काय म्हणालास ते मला तिथेच समजलं होतं. मी "पत्र टाक" म्हणाले, कारण दुसरं काही बोलायला तोंड उघडलं असतं तर पिशवी घेऊन खाली उतरले असते. आणि इथे शेडमध्ये अर्धवट ओतलेली पाती होती, गिऱ्हाइकांना दिलेले शब्द होते. आणि खरं सांगू? भीती वाटली. तू तापातून उठलेला, हळवा झालेला. असं माणूस बोलून जातं आणि आठवड्याने त्याला पस्तावा होतो. म्हणून वाट बघितली, तू ते लिहितोस का. तोंडाने बोललेलं मला आता फारसं पुरत नाही.

परत आले त्या दिवशी शेडचं कुलूप काढलं, दिवा लावला. सगळं जिथल्या तिथे होतं. साचे, ब्रश, पाती ओतायच्या रेझिनचा अर्धा डबा. मी स्टूल ओढलं आणि बसले. पूर्वी या वेळी बाहेर पोरं कलकलाट करायची, मी आतून ओरडायची, "ओल्या पायांनी आत येऊ नका!" आता कोणी आलं तरी मला कळत नाही. कोणी खांद्याला हात लावला की दचकते. म्हणून हल्ली दाराकडे तोंड करून बसते, आणि दारात कोणी नसतं.

बर्फाच्या कारखान्यामागे एक पत्र्याची शेड बघितली होती मी, तुझा डोळा लागलेला असताना पाय मोकळे करायला गेले होते तेव्हा. दाराला साखळी होती, आत काही नसावं. तुझ्या साहेबांना विचारशील का ती कोणाची आहे? मशिनांचा आवाज आहे म्हणून कोणी घेत नसेल, तर त्यांना सांग, मला चालेल.

आणि नीट बघून लिही, तिला खिडक्या आहेत का, आणि कोणत्या बाजूला. रेझिन ओतताना खेळता वारा लागतो. एका बाजूलाच असतील तर दुसऱ्या बाजूचा पत्रा कापून घ्यावा लागेल.

ताई